सुतावरून सटन स्कार्सडेल

भिंतीवर दोन पुरुष उंचीवर एक फायरप्लेस आहे. तिच्यापुढे बसायला जमीन नाही आणि पाय शेकायला कुणी नाही. मधला मजलाच गेल्यामुळे ती तिथं अधांतरी राहिली आहे, पाणी आटलेल्या विहिरीत वरच्या अंगाला एखादा कोनाडा दिसावा तशी. मी मान वर करून तिच्याकडे बघत होते आणि शेजारी माझा भाचा फोनवर हवामान बघत होता.

"मावशी, वीस मिनिटांत पाऊस आहे."

एवढा मोठा वाडा आणि त्यात पावसाला आडोसा म्हणून नाही.

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात, चेस्टरफील्डपासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर, सटन स्कार्सडेल हॉल नावाचं हे घर आहे. किंवा होतं. भाच्याचा मुक्काम चेस्टरफील्डला, म्हणजे ज्या गावच्या चर्चचा कळस पिळवटलेला आणि वाकडा आहे त्या गावाला. दुरून तो कळस बघितला की ओल्या कपड्याचा पीळ कुणीतरी तसाच सोडून दिलाय असं वाटतं. गावकऱ्यांना त्याचा फार अभिमान. मला ते आवडलं. सरळ कळस काय, कुठेही असतो.

मी त्याच्याकडे तीन आठवड्यांसाठी गेले होते. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला चॅट्सवर्थ हे जवळचंच एका ड्यूकचं भव्य घर दाखवलं होतं. तिथं तिकीट, रांग, छतावर रंगवलेले देव, बाहेर हिरव्यागार उतारावर मेंढ्या, आणि शेवटी चहा व केक. सगळं झकास होतं, पण बाहेर पडताना मला लग्नाच्या पंगतीत आग्रहानं जास्त जेवल्यासारखं झालं. मोडलेलं घर बघायचंय असं मी म्हटल्यावर भाच्याला आधी वाटलं मी थट्टा करतेय.

"तिथं काही नाहीये गं. नुसत्या भिंती. तिकीटसुद्धा नाही."

"म्हणूनच."

हे खरं कारण नव्हतं. खरं कारण आदल्या दिवशी क्रॉमफर्डला सापडलं होतं, त्याकडे येतेच.

आधी घर. वाडा म्हणतेय खरी, पण आपला वाडा आत बघतो, चौकाकडे, तुळशीकडे. रस्त्याला तो दाखवतो एक दरवाजा आणि आंधळी भिंत. हे घर सगळं बाहेर बघतं. पिवळसर-करड्या वालुकाश्माच्या पूर्वेकडच्या दर्शनी भिंतीला दोन्ही मजले व्यापणारे भलेमोठे खांब, त्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली पानं, वर त्रिकोणी शिरोभाग. लांबून, उतारावरून येणाऱ्यानं बघावं आणि दबावं यासाठीच ते उभं केलंय. निकोलस लीक हे त्याच्या धन्याचं नाव, स्कार्सडेलचा चौथा अर्ल. १७२४मध्ये त्यानं वॉरिकच्या फ्रान्सिस स्मिथ या वास्तुकाराकडून हे काम सुरू करवलं. शेजारी डेव्हनशरच्या ड्यूकचं चॅट्सवर्थ होतं, तेव्हा आपलंही काहीतरी हवंच. शेजाऱ्याच्या गच्चीवर पत्रा चढला की आपल्या गच्चीवर चढतो, तशातला हा प्रकार. फक्त पत्रा जरा महाग. १७३६ला अर्ल वारला तेव्हा मागे कर्ज होतं आणि गादीला औरस वारस नव्हता. पदवी त्याच्याबरोबरच संपली.

आत गेलं की दगड संपतो. बाहेरून कोरीव दगडाचं दिसणारं हे घर आतून विटांचं आहे. लाल, ओबडधोबड, चुन्यात बसवलेल्या विटा, अगदी परळच्या जुन्या गिरणीच्या भिंतीसारख्या. त्यांच्यावर कधी लाकडी नक्षीच्या फळ्या होत्या, कधी पांढऱ्या गिलाव्याच्या वेलबुट्ट्या. फळ्या गेल्या. गिलावा मात्र कुठे कुठे चिकटून राहिलाय. एका ठिकाणी पानांची माळ दिसते, दुसरीकडे चौकटीचा अर्धा तुकडा. हे काम इटलीहून आलेल्या कारागिरांचं, आर्तारी आणि वासाली यांचं. शंभर वर्षं इंग्लंडचा पाऊस खाऊनही ते पूर्ण पडलेलं नाही, याबद्दल आर्तारी आणि वासालींना मनोमन नमस्कार केला. आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी केलेलं प्लास्टर या पावसाळ्यात सुटलं.

त्यांची नावं आज ठाऊक आहेत त्यालाही एक कारण आहे. या घरात शिशाचा एक पत्रा होता आणि त्यावर काम करणाऱ्यांची नावं होती. सगळ्यांत वर स्मिथ, मग इटालियन गिलावेवाले, नॉटिंगहॅमचा कोरीव काम करणारा एडवर्ड पॉइंटन, डर्बीचा गिलावेवाला जोशुआ नीडहॅम. पायरी-पायरीनं, मानाप्रमाणे. उतरंड सुटलेली नाही, पण नावं आहेत. आपल्याकडे एखाद्या देवळाच्या पायरीवर दात्याचं नाव असतं, घडवणाऱ्याचं क्वचित. हे वाचल्यापासून तो शिशाचा पत्रा माझ्या मनातून जात नाही.

आता क्रॉमफर्ड.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, लालबागच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. ज्यांचं बालपण गिरणगावात गेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: गिरणीत साचाखातं म्हणजे जिथं कापड विणतात ते, आणि त्रासन म्हणजे जिथं सूत कातलं जातं ते. दादा तिथं सायडर होते. एका बाजूच्या शेकडो चात्यांवर नजर ठेवायची, तार तुटली की धावत जाऊन बोटांनी जोडायची, बॉबिन भरली की डॉफर येऊन उतरवणार. आठ तास चालणं, घामानं भिजलेली बंडी आणि भुवयांवर कापसाची पिंज. लहानपणी माझी पक्की समजूत होती की जिथं माणसाला त्रास देतात ते त्रासन. व्युत्पत्ती चुकली असेल, अर्थ चुकलेला नव्हता.

मूळ शब्द थ्रॉसल आहे हे मला पन्नाशीत कळलं. थ्रॉसल हा एक पक्षी. तपकिरी पाठ, छातीवर ठिपके, सकाळी आपलं गाणं दोन-दोनदा घोळवून गाणारा. सूतकताईचं ते यंत्र चालू झालं की त्याच्यासारखा आवाज यायचा, म्हणून यंत्राचं नाव थ्रॉसल पडलं असं सांगतात. पुढे थ्रॉसल मोडीत निघून रिंग फ्रेम आली. आपल्याकडे नागपूरच्या एम्प्रेस मिलनं ती फार लवकर बसवली. पण मुंबईच्या कामगारांनी नाव काही बदललं नाही. यंत्र गेलं, पक्षी राहिला, तोही ओळखू न येण्यासारखा. आणि खात्याबाहेर आलं की वर बघायचं ते चिमणीकडे. दोन-दोन पाखरांच्या नावाखाली माणसं राबत होती आणि खात्यातल्या आवाजात शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नव्हती.

तर हा थ्रॉसल ज्याच्यापासून निघाला ते यंत्र म्हणजे रिचर्ड आर्कराइटची वॉटर फ्रेम, पेटंट १७६९चं. माणूस प्रेस्टनचा, गरीब घरचा, बऱ्याच भावंडांतला धाकटा. धंदा न्हाव्याचा. नंतर केसांचे टोप करू लागला, गावोगाव फिरून पोरींचे केस विकत घ्यायचा. त्या भटकंतीत त्यानं कताईच्या यंत्रांबद्दल काय काय ऐकलं, कुणाकडून किती उचललं, यावर पुढे कोर्टकज्जे झाले आणि १७८५मध्ये त्याची पेटंटं रद्द झाली. पण तोवर त्याचं काम झालं होतं. १७७१मध्ये त्यानं डर्वेंट नदीच्या खोऱ्यात क्रॉमफर्डला गिरणी घातली. शिशाच्या खाणीतून निचरा होऊन येणारं पाणी तिथं मिळायचं, आणि ते कोमट असल्यामुळे हिवाळ्यात गोठायचं नाही. चाक बारा महिने फिरतं. मग माणसांनीही फिरायला हवं. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, दिवस आणि रात्र. वेळेवर घंटा, घंटेनंतर दरवाजा बंद. लहान मुलंसुद्धा कामावर. त्यानं कामगारांसाठी दगडी घरांची ओळ बांधली, तिच्या वरच्या मजल्यावर बाप हातमागावर विणायचा आणि बायकामुलं खाली गिरणीत सूत कातायची.

हे सगळं मी क्रॉमफर्डच्या आवारात उभी राहून वाचत होते आणि मला दर दोन ओळींनी लालबाग दिसत होतं. पाळी, भोंगा, उशीर झाला की खाडा, गिरणीच्या भिंतीला लागून खोल्या. आम्हाला वाटायचं हे सगळं आमचं. म्हणजे आमच्या वाडवडिलांनी कोकणातून, घाटावरून येऊन मुंबईत उभं केलेलं जग. माणसं, गाणी, गणपती, भजनं, खानावळी, ते आमचंच. पण वेळेचा सापळा इथं, या ओढ्याकाठी, एका न्हाव्याच्या डोक्यात तयार झाला होता. १७८६मध्ये त्याला सर पदवी मिळाली आणि १७९२मध्ये तो वारला.

तिथल्या एका फलकावर पुढची पिढी होती. मुलगा रिचर्ड धाकटा बापापेक्षा हुशार निघाला. त्यानं पैसा गिरणीतून काढून जमिनीत आणि सावकारीत घातला. सरदार-उमराव सोडले तर इंग्लंडमधला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जाई. त्यानं आपल्या मुलांना एकेक इस्टेट घेऊन दिली. रॉबर्टच्या वाट्याला आलं सटन स्कार्सडेल, १८२४ साली.

सुतावरून स्वर्ग गाठणं आपल्याकडे म्हण म्हणून वापरतात. इथं ते दस्त करून केलेलं होतं.

म्हणून मला हे घर बघायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मालकाचं घर पडलेलं बघायचं होतं. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. अडीच लाख माणसं बाहेर, त्यांतले एक दादा. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरी तो अनेक वर्षं चालला, आधी गावी, मग परत चाळीत, मग रात्रीच्या वॉचमनकीत. तेव्हा मालकाच्या वाड्याला छप्पर नाही हे दृश्य बघून काळजात काहीतरी निवेल अशी माझी अपेक्षा होती.

तसं काही झालं नाही. एक तर मालकाचं घर मालकानंच मोडलं होतं.

रॉबर्टनं फ्रान्सेस केंबल या नटीशी लग्न केलं होतं. ती गाणी रचायची, आणि चॅट्सवर्थच्या ड्यूकला तिचं गाणं फार आवडायचं. न्हाव्याच्या नातवाच्या घरची नटी ड्यूकच्या दिवाणखान्यात गातेय, हे मला त्या आख्ख्या घराण्याच्या इतिहासातलं सर्वांत सुखाचं पान वाटतं. पुढे इस्टेट विल्यम आर्कराइटकडे आली. त्याचं मन शिकारी कुत्र्यांत. पॉइंटर जातीवर त्यानं १९०२मध्ये लिहिलेलं जाडजूड पुस्तक श्वानप्रेमी आजही मानतात. त्याला मूल नव्हतं. अमेरिकेतून स्वस्त धान्य यायला लागल्यापासून शेतीचं उत्पन्न खाली आलेलं, १८९४पासून वारसा कर बसलेला, मग पहिलं महायुद्ध. १९१९मध्ये त्यानं सगळं विकून टाकलं. तो एकटाच नव्हता. त्या दोन-चार वर्षांत इंग्लंडमधल्या जमीनदारांनी अफाट जमिनी विकल्या.

घेणारे होते स्थानिक व्यापारी. त्यांना राहायचं नव्हतं. त्यांना तुकडे हवे होते. घराचं छप्पर उतरवलं, खोल्या विकल्या. खोल्या विकल्या म्हणजे भाड्यानं नव्हे, आख्ख्या. भिंतीवरच्या लाकडी फळ्या, दारं, चौकटी, फायरप्लेसभोवतीचं कोरीव काम, सगळं काढून, क्रमांक घालून, जहाजात चढवून अमेरिकेला. तीन खोल्या आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहेत. आणखी एक वर्तमानपत्रांचा सम्राट हर्स्ट यानं घेतली, त्याच्याकडून ती हॉलिवूडमधल्या एका निर्मात्याकडे गेली, तिथं चित्रपटाचा सेट म्हणून वापरली गेली आणि शेवटी कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात पोहोचली. म्हणजे घर इथं आहे आणि त्याच्या खोल्या दोन समुद्रकिनाऱ्यांवर. फिलाडेल्फियात कुणीतरी खुर्चीवर बसून गुडघे चोळत त्या भिंतींकडे बघत असेल, आणि त्या भिंतींमागची वीट इथं माझ्यासमोर भिजत होती.

गिरणी बंद पडल्यावर काय होतं ते मी बघितलंय. आधी विजेचं कनेक्शन जातं. मग एका रात्री ट्रक येतात. साचे भंगारात वजनावर जातात, पितळ वेगळं, लोखंड वेगळं, सागाच्या तुळया वेगळ्या. सागाला गिऱ्हाईक चांगलं. दादा एकदा कुणाच्या तरी ओळखीनं आत जाऊन आले होते, येताना खिशातून एक लाकडी बॉबिन घेऊन आले. घरी ती देवापुढे उदबत्ती खोचायला कामाला आली. अजून आहे. १९१९च्या सटनमधला लिलाव मला कल्पनेनं उभा करावा लागला नाही. फक्त तिथं ट्रकच्या जागी घोडे असतील.

पाऊस वीस मिनिटांनी आला नाही, बारा मिनिटांतच आला. लगतच्या सेंट मेरी चर्चच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो. चर्च घराला इतकं चिकटून आहे की घर पाडताना त्याला धक्का कसा लागला नाही याचं नवल वाटावं. घरापेक्षा ते कितीतरी जुनं, आणि त्याचं छप्पर शाबूत. भाचा म्हणाला, "मग हे राहिलं कसं? सगळं विकलं तर भिंतीपण विकल्या असत्या ना."

प्रश्न बरोबर होता. भिंतीही जाणारच होत्या. १९४६मध्ये दगडासाठी घर पाडायचं ठरलं होतं. हे कळल्यावर जवळच्याच रेनिशॉ हॉलच्या ऑस्बर्ट सिटवेल या लेखकानं ते विकत घेतलं. राहायला नाही, दुरुस्त करायलाही नाही. पडकंच राहू दे म्हणून. पुढे सत्तरच्या दशकात सिटवेल घराण्यानंच पाठपुरावा केला आणि ते सरकारी देखरेखीखाली आलं. आता इंग्लिश हेरिटेज ही संस्था ते बघते. भिंतींच्या माथ्यावर पाणी मुरू नये म्हणून काळजी घेतली जाते, सैल झालेला दगड आधार देऊन धरला जातो, धोक्याच्या जागी लोखंडी कुंपण. पडकं घर पडू नये म्हणून चाललेली ही धडपड बघून हसू येतं आणि मग हेवा वाटतो. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात अशी शेकडो घरं गेली. १९७४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं गेलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा लोक हादरले होते म्हणतात. त्या सगळ्यांत हे एक पडकंच वाचलं.

भग्न होऊन उभं राहायलाही ऐपत लागते. आमच्या गिरण्यांना ती मिळाली नाही. मुंबईतली जमीनच अशी की तिथं पडकं काही टिकूच शकत नाही. पडायच्या आत त्याचा टॉवर होतो. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१मध्ये त्या नियमाचा अर्थ असा बदलला की पहिल्या दोन वाट्यांत फक्त मोकळी पडलेली जमीनच धरायची, इमारतींखालची नाही. मग वाटे करायला उरलं किती ते गिरणगावात कुणालाही विचारा. लोअर परळच्या मॉलमध्ये एक चिमणी ठेवलीय, शोभेला. तिच्याखाली उभं राहून तरुण पोरं फोटो काढतात. काढू देत. पण छप्पर गेलेलं, आत पिंपळ उगवलेलं एक खातं, नुसतं एक खातं, जिथं मी जाऊन उभी राहू शकेन आणि म्हणू शकेन की दादा या बाजूनं चालायचे, त्या खिडकीपाशी वळायचे, असं काही मला मिळालं नाही. त्यासाठी मला आर्कराइटच्या नातवाच्या घरात यावं लागलं.

इथं मी स्वतःला थांबवलं, कारण मी हिशेब चुकीच्या वहीत मांडत होते. दादांच्या घामाचा एक पैसाही या घरात नाही. रॉबर्टला हे घर मिळालं १८२४ला. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली गिरणी काढायला घेतली १८५४मध्ये. आमचे मालक वेगळे होते, बरेचसे आपलेच. क्रॉमफर्डला येणाऱ्या कापसाचा खूपसा भाग कॅरिबियन बेटांवरून आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. तो वेचणारे हात गुलामांचे. पहिलं देणं त्यांचं. दुसरं इथल्या त्या मुलांचं, जी अंधारात गिरणीत शिरायची आणि अंधारात बाहेर यायची. मग आपल्याकडच्या विणकऱ्यांचं, ज्यांच्या कापडावर इंग्लंडनं १७००मध्ये आणि १७२१मध्ये कायदे करून बंदी घातली, आणि ज्यांच्यासारखं शुद्ध सुती कापड इंग्लंडला विणता येऊ लागलं ते आर्कराइटच्या मजबूत ताण्यामुळे, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यामुळे. त्याआधी तिथं ताणा जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचा, लिननचा लागायचा. या रांगेत दादांचा नंबर बराच मागे. रांगेत मध्ये घुसणं त्यांना कधी जमलं नाही, मीही घुसवू नये.

आणि क्रॉमफर्डची गिरणी तरी राजेशाही थाटात जपली गेली असं कुठे आहे? तिचे वरचे मजले आगीत गेले, मग तिथं कित्येक वर्षं रंगाचा कारखाना होता, जमीन विषारी झाली. १९७९मध्ये काही हौशी लोकांनी ती घेतली आणि वर्षानुवर्षं साफ करत बसले. २००१मध्ये ते खोरं जागतिक वारसा झालं. म्हणजे कुणीतरी चिवटपणे बसलं म्हणून राहिलं. हे मला लागलं, कारण बसायला माणसं आपल्याकडेही होती. जमिनीचा भाव त्यांच्या बाजूनं नव्हता, एवढंच.

पाऊस थांबल्यावर पूर्वेच्या बाजूला आलो. समोर उतार, खाली दरीत एम-वन हमरस्ता, पलीकडच्या कड्यावर बोल्सोव्हरचा किल्ला. अर्लनं खिडकीतून जे बघितलं असेल त्यात फक्त हमरस्त्याची भर पडलीय. पण ती भर मोठी आहे. तो आवाज एक क्षणही थांबत नाही. सततचा, एकसुरी, खालून वर येणारा. मी डोळे मिटले. गिरणीच्या फाटकाबाहेर दादांचा डबा घेऊन उभी असायचे तेव्हा आतून असाच यायचा. थ्रॉसल पक्ष्याचा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. इथं पडक्या चिमण्यांतून काळे, राखाडी मानेचे डोमकावळ्याच्या जातीचे पक्षी उठत होते, तेही जोरजोरात काहीतरी भांडत.

भाच्यानं बोट दाखवलं. "माझं ऑफिस तिकडे. डावीकडे, त्या झाडांच्या मागे."

भाचा मार्कहॅम व्हेल नावाच्या वसाहतीत एका गोदामाच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. कुठला खोका कुठल्या ट्रकमध्ये, हे ठरवणारं काहीतरी. परत जाताना तिथूनच जाऊ म्हणाला. दाखवण्यासारखं काही नाही, पण तिथं माणसं आहेत, असं म्हणाला. मला कळलं नाही.

तिथं खरंच माणसं होती. पोलादाच्या पत्र्यातून कापलेल्या माणसांच्या आकृती, पायवाटेनं एकामागून एक चाललेल्या. एकूण १०६. इथं पूर्वी मार्कहॅमची कोळसा खाण होती. १९३७च्या स्फोटात ९ माणसं गेली. १० मे १९३८ला पुन्हा स्फोट, ७९. ३० जुलै १९७३ला माणसांना खाली उतरवणाऱ्या पिंजऱ्याचा ब्रेक निकामी झाला, १८. नव्वदच्या दशकात खाण बंद झाली, ती जागा सपाट झाली, तिच्यावर गोदामं आली. खाणीचं पडकंसुद्धा उरलं नाही. मालकाचं घर टेकडीवर जपून ठेवलेलं आणि खाणीच्या जागी खोके. मुंबईतच असं होतं, हा माझा समज तिथं गळून पडला.

पण या आकृत्या आहेत. त्या खाणीच्या जागेपासून डकमॅन्टन गावाकडे चाललेल्या, जिथं खाण कामगारांची घरं होती. पाळी संपवून घरी निघाल्यासारख्या. प्रत्येकीवर एक गोल बिल्ला, बिल्ल्यावर नाव, वय आणि काम.

भाचा म्हणाला, रोज गाडीतून जाताना दिसतात, पण उतरून कधी वाचलं नाही. आम्ही उतरलो आणि वाचत गेलो. गवत ओलं होतं, माझे बूट भिजले. सगळे १०६ काही वाचले नाहीत, चाळीसेक वाचले असतील. सटनच्या शिशाच्या पत्र्यावर सगळ्यांत वर वास्तुकार होता. इथं वर-खाली काही नव्हतं, पुढे-मागे होतं एवढंच.

गाडीत बसल्यावर त्यानं हीटर लावला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "आजोबांना पण असा बिल्ला होता का?"

"बिल्ला नाही. तिकीट म्हणायचे. तिकीट नंबर. पगाराच्या रांगेत नाव नाही घ्यायचे, नंबर पुकारायचे."

"काय होता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. चार आकडी होता. शेवटी सात होतं.